अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात सोळा वर्षं मतदान झालं नाही. निवडणूक दरवर्षी जाहीर व्हायची, अर्ज यायचे, आणि मतदानाच्या आधी जेवढ्या जागा तेवढेच अर्ज उरायचे. हे जमवून आणायचं काम माझ्याकडे होतं. कुणी जास्तीचा अर्ज भरला की मी फोन उचलायचो. "यंदा राहू दे. पुढच्या वर्षी तुझंच नाव. आपल्या आपल्यात कशाला भांडणं?" लोक ऐकायचे. मग सभेत उभं राहून 'बिनविरोध' म्हणताना मला जे काही वाटायचं, ते आता सांगायचीही लाज वाटते. टाळ्या मात्र पडायच्या.

एकदाच एक नागपूरचा तरुण अडून बसला. "काका, मी विड्रॉ नाही करणार. लोकांना व्होट करू द्या ना यार, काय बिघडतं?" मी त्याच्या घरी गेलो, चहा प्यायलो, मंडळ म्हणजे एक कुटुंब कसं आहे ते त्याला तासभर समजावलं. शेवटी कंटाळून त्याने नाव काढलं. पुढच्या वर्षी तो गणपतीलाही फिरकला नाही. येईल राग शांत झाला की, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

आमच्या शेजारच्या घरात एक निवृत्त गणिताचे प्राध्यापक राहतात. त्यांच्या देशाचं नाव लिहीत नाही, त्यांची माणसं अजून तिथेच आहेत. त्या देशात त्यांच्या जन्मापासून एकच पक्ष होता. मतपत्रिकेवर एकच नाव असायचं. ते खोडायचं असेल तर कोपऱ्यातल्या टेबलावर जायचं, आणि त्या टेबलाशेजारी पक्षाचा माणूस वही घेऊन बसलेला असायचा. तरुणपणी ते एकदा त्या टेबलापर्यंत गेले होते. म्हणून ते इथे आले आणि परत जाऊ शकले नाहीत. मागे राहिली धाकटी बहीण, शाळेत शिक्षिका.

मग तिथला म्हातारा नेता वारला आणि पक्षात दोन तट पडले. एका तटाला दुसऱ्याला चेपायचं होतं, त्यासाठी लोकांची गरज पडली, आणि कायदा बदलून इतर पक्षांना परवानगी मिळाली. प्राध्यापक मला हे सगळं बर्फ उपसता उपसता सांगायचे. ते त्यांच्या ड्राइव्हवेवर, मी माझ्या. "त्यांना वाटतं, खिडकी थोडीशी उघडता येते," ते म्हणायचे आणि हसायचे. बहिणीने नव्या पक्षाकडून अर्ज भरला त्या दिवशी त्यांनी मला आणि माझ्या बायकोला जेवायला बोलावलं. खूश होते, पण काळजीतही होते. तिला काही झालं तर आपण इतक्या लांब, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते टोपी न घालताच बाहेर आले. अर्ज मागे घेण्याचा तो शेवटचा दिवस होता. पक्षाचा माणूस त्यांच्या सख्ख्या काकांना बरोबर घेऊन बहिणीच्या घरी बसला होता. नाव काढ, कुणी त्रास देणार नाही, असं म्हणत होता. तिने भावाला फोन करून विचारलं होतं, काय करू?

"तुम्ही निवडणुकांच्या देशात वाढलात," प्राध्यापक मला म्हणाले. "तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही सांगा."

मी फावड्यावर रेलून सांगितलं. यंदा राहू द्या म्हणावं. पहिलीच निवडणूक आहे, वातावरण तापलेलं आहे. काका मध्ये पडलेत तर त्यांचा मान राखावा. पुढच्या वेळी तिचीच जागा. माझा आवाजसुद्धा तोच होता, मंडळाच्या फोनवरचा. मी मिनिटभरही विचार केला नाही. नाव राहिलं तर काय होतं आणि काढलं तर काय होतं, हे विचारावंसंही मला वाटलं नाही. ते मान हलवून आत गेले.

बायको दारातून ऐकत होती. "अहो, त्यांच्या मॅटरमध्ये तुम्ही कशाला पडलात? आपल्याला काय माहीत तिथलं?"

"चांगलंच सांगितलं मी," मी म्हटलं.

बहिणीने त्याच दिवशी नाव काढलं. आठ दिवसांनी तिला अटक झाली. उमेदवारांची यादी परदेशी निरीक्षकांच्या हातात होती. मतदान होईपर्यंत यादीतल्या माणसाला हात लावायची पक्षाची हिंमत नव्हती. नाव निघालं आणि ती उघड्यावर आली. शेजारच्या मतदारसंघात एका दुकानदाराने नाव काढलं नाही. त्याच्या घरावर दगड पडले, पण तो उभा राहिला आणि जिंकला. असे मोजकेच लोक निवडून आले. त्यांनी संसदेत भांडून मतमोजणी पक्षाच्या हातातून काढून घेतली, आणि पुढच्या निवडणुकीत पक्ष पडला. तो देश असा बदलला. तेवढा सगळा काळ ती तुरुंगात होती.

प्राध्यापक मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. हिवाळ्यात माझ्या पायऱ्यांवर मीठही टाकून जायचे. ते भांडले असते तर बरं झालं असतं. मी मंडळाचं काम सोडलं आणि गुडघे दुखतात असं सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात नव्या सरकारने कैदी सोडले. त्यानंतरच्या एका रविवारी प्राध्यापक फोन घेऊन आमच्या डेकवर आले. बहिणीला माझ्याशी बोलायचं होतं. ती त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, पण पडद्यावर त्यांची थोरली बहीण वाटत होती. मी कितीतरी दिवस मनात घोळवलेली माफी मागितली. प्राध्यापकांनी ती तिच्या भाषेत सांगितली. तिने ऐकून घेतलं, मग ती बराच वेळ बोलली. मध्येच त्यांचं भाषांतर थांबलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"अर्जावर तिच्यासाठी तिघांनी सह्या केल्या होत्या," ते म्हणाले. "नाव काढताना त्यांना विचारायला वेळ नव्हता. तिच्यामागोमाग त्यांनाही उचललं. दोघं सुटले. तिसरे तिच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर, ते तुरुंगातच वारले. त्यांची आई रोज येऊन विचारते, तू नाव का मागे घेतलंस? बहीण म्हणते, मला याचं उत्तर देता येत नाही. तुम्हीच द्या."

तिकडे फोन कुणाच्या तरी हातात गेला. पडदा हलला, स्थिर झाला. डोक्यावरचा रुमाल नीट करत एक म्हातारी समोर बसली आणि माझ्याकडे बघत वाट पाहू लागली.