घासायचं राहिलं

"हा ड्रम मी ओतून देणार," मी म्हणालो. लताबाई ड्रमसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"साहेब, नळाला पाणी सहा दिवसांनी येणार हाये. पोरगी दवाखान्यात हाये. तिचे कपडे कशात धुऊ?"

घरोघर फिरून डासांच्या अळ्या शोधणं हे माझं काम. तीन आठवड्यांपूर्वी याच ड्रममध्ये अळ्या सापडल्या होत्या. तेव्हा मी लताबाईंना 'कोरडा दिवस' सांगून गेलो होतो, म्हणजे आठवड्यातून एकदा साठवलेलं सगळं पाणी रिकामं करायचं. आता त्यांच्या अकरावीतल्या मुलीला डेंग्यू झाला होता, तिच्या प्लेटलेट घसरत होत्या, आणि ड्रममध्ये पुन्हा अळ्या वळवळत होत्या.

"तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

"दर हप्त्याला रिकामा करते, नळ यायच्या आदी. खोटं कशाला बोलू?"

"मग अळ्या काय आभाळातून पडल्या?"

गल्ली जमली होती, त्यामुळे मला आणखी जोर चढला. "तुमच्यामुळे अख्खी गल्ली आजारी पडेल," असं मी सगळ्यांदेखत ओरडलो आणि ड्रम आडवा केला. पाणी गटारीला गेलं. शेजारणीने आपली पोरं घरात ओढली आणि दार लावून घेतलं.

ऑफिसात मी हे फुशारकीनेच सांगितलं. सुपरवायझर मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "घासला का?"

"काय?"

"ड्रम, आतून. त्यांना घासायला सांगितलं होतं का तुम्ही?"

हे ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. डेंग्यूच्या डासाची मादी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. पाणी ओतलं तरी अंडी तिथंच राहतात, कोरडी, कित्येक महिने. पुन्हा पाणी चढलं की त्यातून अळ्या निघतात. या एका सवयीवर हा डास जग फिरला. आधी जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून, पुढे जुन्या टायरांतून. एका देशात वाळलेला टायर दुसऱ्या देशात पावसात भिजतो, झालं. आजार मात्र माणसं नेतात. डेंग्यूचा रुग्ण विमानातून उतरतो, तिथला डास त्याला चावतो आणि काही दिवसांनी दुसऱ्याला.

हे सगळं मी शाळांमधून नकाशा लावून सांगायचो. लताबाईंना 'घासा' हा एक शब्द सांगितला नव्हता. विसरलो होतो असंही नाही. दिवसाची ठरलेली घरं उरकायची म्हणून 'रिकामं करा' एवढंच म्हणून पुढे सटकायची सवय लागली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि मी तिथं गेलो. मॅडमनी ड्रममध्ये टॉर्च मारला. पाण्याच्या जुन्या खुणेवर काजळीच्या कणांसारख्या बारीक काळ्या अंड्यांची रेघ होती. मॅडमनी बोटाने ती मला दाखवली. मला लताबाईंकडे बघवेना.

"ताई, चूक माझी आहे," मी पुटपुटलो. "मी सांगितलं तसंच तुम्ही केलंत. मीच अर्धवट सांगितलं होतं."

लताबाई शांतपणे म्हणाल्या, "जरा जोरात बोला की साहेब. काल बोलला तसं."

मी दाराबाहेर आलो आणि गल्लीला ऐकू जाईल असं तेच पुन्हा म्हणालो. शेजारणीचं दार किलकिलं झालं. माझा आवाज काल जेवढा चढला होता तेवढा काही चढला नाही. मग ब्रश मागून घेतला आणि तो ड्रम मी स्वतः घासला. पाण्याचे दोन जार नेले होते, ते लताबाईंनी आत घेतले.

मुलगी पाच दिवसांनी घरी आली. माझी आता दिवसाला घरं कमी होतात, त्याबद्दल मॅडमची बोलणीही बसतात, पण ड्रम घासून दाखवल्याशिवाय मी पुढे जात नाही. निम्मं सांगून पूर्ण आवाजात ओरडलो होतो, याची लाज अजून गेलेली नाही.