खंडेनवमीला बंद असलेलं मशीन

ज्या बसमध्ये तुम्ही लेकराबाळांना घेऊन बसता, तिच्या इंजिनाचा पंखा फिरवणारा पट्टा खरोखर तपासला होता, की तपासल्याचा नुसता कागद तयार झाला होता, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे का?

पोतनीस काका विचारायचे. आमच्या हिंदीभाषक शहरात, नानाखेड्याच्या बसस्टँडवर गाडी लागली की तिकिटाआधी ते ड्रायव्हरला गाठत. "भैया, इंजन बंद है ना? ज़रा बोनट उठाओ." मग पट्टा अंगठ्याने दाबायचा, कड उलटी वळवून आतली बाजू बघायची. बारीक तडे दिसले तर ते सरळ पुढच्या बसकडे निघत. मागून काकू ओरडत, "अहो, लग्नाला चाललोय आपण, इन्स्पेक्शनला नाही!"

काका आमच्या शेजारचे. शहराबाहेरच्या पट्ट्यांच्या कारखान्यात त्यांची जवळजवळ सगळी नोकरी एकाच मशीनवर गेली. "आमचे पूर्वज शिंदे सरकारची थैली सांभाळायचे, मी पट्टे सांभाळतो," ते म्हणत. "प्रमोशनच आहे हे. थैली फाटली म्हणून कुणाचं इंजिन तापत नाही."

त्यांचं काम मी एकदा जाऊन पाहिलं होतं. बंद गरम पेटीत दोन पुल्या, त्यांच्यावर ताणून चढवलेला पट्टा, आणि तो फिरतोय. दिवसच्या दिवस. ठरलेले पाचशे तास तडा न जाता काढले, तर ज्या मालातून तो नमुना काढला, तो सगळा माल पास. मध्ये फाटला तर अख्खा माल परत. काका ठराविक वेळाने मशीन थांबवत, पट्टा किती लांबला ते मोजत, वहीत लिहीत आणि पुन्हा सुरू करत. मी विचारलं, "कंटाळा नाही येत?" ते म्हणाले, "बेटा, रस्त्यावर तुटण्यापेक्षा इथं माझ्यासमोर तुटलेला बरा. पहले टूटने दो, फिर बोलो."

मी तेव्हा गल्लीतल्या पाण्यावर, शाळांच्या फीवर पत्रकं लिहायचे. ती वाचून काका चष्मा कपाळावर सरकवत. "सोळा उद्गारचिन्हं आहेत यात. मी इतक्या वर्षांत एक नाही वापरलं. 'तडा गेला' एवढं लिहितो, आणि लदलेला ट्रक फाटकातून परत येतो."

एका वर्षी तो ट्रक परत आला नाही.

दिवाळीआधी बसवाल्यांचा मोठा माल जायचा होता. त्यातला एक पट्टा काकांच्या मशीनवर चढला होता. मध्ये दसरा आला. दसऱ्याला कारखाना बंद असे, पण काका आदल्या दिवशीही मशीन बंद ठेवत. खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही, पूजा करायची, हा त्यांच्या घरातला नेम. कारखान्यात ते एकटेच मराठी, त्यामुळे या एका दिवसाच्या सुट्टीकडे कुणाचं लक्ष नसे. दसऱ्यानंतर मशीन पुन्हा सुरू झालं आणि चारच दिवसांत पट्ट्याला आडवे तडे गेले. पाचशे तास अजून कितीतरी लांब होते. काकांनी लिहिलं: तडा गेला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी त्यांच्यापुढे टाइप केलेला नवा रिपोर्ट ठेवला. पाचशे तास पूर्ण, पट्टा पास, खाली काकांचं नाव.

"पोतनीस जी, साइन कर दीजिए. फॉर्मैलिटी है."

काकांनी ओळीओळीवरून बोट फिरवलं आणि एका तारखेवर थांबवलं. "इस दिन चौबीस घंटे? किसने चलाई, साहब?"

"आपने ही चलाई होगी."

"इस दिन मैंने पुली पर हल्दी-कुंकू लगाया था. गेंदे की माला पहनकर मशीन घूमी क्या?"

मॅनेजर वैतागले. "अरे, पूजा तो दशहरे को होती है! दशहरा तो मैंने छोड़ दिया ना!"

हे सांगताना काका हसले होते. खोटं लिहितानाही त्या माणसाने सण पाळला होता, फक्त आमचा सण त्याला माहीत नव्हता! (काका, हे एक उद्गारचिन्ह राहू द्या.)

काकांनी सही केली नाही. दुसऱ्या कुणीतरी केली. माल गेला. आणि काकांची बदली झाली पॅकिंगमध्ये. ज्या मालाला त्यांनी नापास केलं, त्याच मालाच्या उरलेल्या पट्ट्यांवर 'तपासलेले' असं स्टिकर लावायचं काम त्यांना दिलं. ही क्रूरता कुणाला सहज सुचत नाही, ती बसून शोधावी लागते. मी म्हटलं, "सोडून द्या नोकरी, मी लिहिते सगळं." ते म्हणाले, "रिटायरमेंटला वर्ष आहे, बेटा. सही नाही केली, तेवढीच माझी ताकद." मला त्यांचाही राग आला होता. आजही थोडा आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मी जवळच्या आगर गावाहून बसने येत होते. भर दुपारी बस थांबली, बोनटमधून वाफ. ड्रायव्हरने घाईत रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी त्याच्या दोन्ही हातांवर आलं. त्याची किंकाळी मला अजून ऐकू येते. खाली दोन तुकडे झालेला पट्टा पडला होता. मी तो उचलून काकांकडे नेला. त्यांनी उलटा केला, मालाचा नंबर वाचला आणि खुर्चीत बसले.

"हा मी पॅक केलाय," ते म्हणाले. एवढंच. त्यानंतर त्यांनी बोनट उघडायला सांगणं सोडलं. अंगठा खिशातच असायचा.

या वर्षी काका गेले. तेराव्याला तेच मॅनेजर आले. फोटोला हार घातला, वळून सगळ्यांना म्हणाले, "बहुत ईमानदार आदमी थे. ऐसे लोग अब कहाँ!"

मला राहवलं नाही. "सर, नवमीला मशीन चालू होतं का?"

त्यांचा चेहरा उतरला. "बेटा, ये जगह नहीं है."

कोपऱ्यातून काकू म्हणाल्या, "हीच जगह आहे. सांगा."

ते चपला घालून निघून गेले.

प्रामाणिक माणसाला जिवंतपणी पॅकिंगमध्ये बसवायचं आणि मेल्यावर हार घालायचा, ही आपल्याकडची सोयीची रीत झाली आहे. मला तो हार नको आहे. तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात, कुठंही तुमच्यापुढे आयता कागद सरकवून कुणी म्हणालं, "फॉर्मैलिटी है", तर पेन उचलू नका. त्यातल्या एका तारखेवर बोट ठेवा आणि मोठ्याने विचारा: या दिवशी मशीनपाशी कोण होतं?