शेवंताबाईचा डबा

शेवंताबाई डबा कानाशी धरायची, एक डोळा मिटायची आणि एकदाच हलवायची. "चिक्की," म्हणाली की चिक्कीच निघायची. आमच्याकडे भुलाबाईची, म्हणजे आमच्या भोंडल्याची, गाणी झाली की घरची बाई खाऊ बंद डब्यात घालून आणते आणि पोरींनी तो आवाजावरून ओळखायचा. शेवंताबाईला आम्ही मुद्दाम शेवटी विचारायचो, नाहीतर खेळच संपायचा. "आवाज लपते का वं कुठं?" हे तिचं ठरलेलं.

तिची माझी भिंत एकच. कोष्ट्याघरची, हाताला उसंत नसलेली बाई. नवरा गेला तेव्हा सावरली, आणि पुढं दोनेक वर्षांनी, काही कारण नसताना, बसली ती बसलीच. जेवण नाही, झोप नाही, छातीत सारखी धडधड. तिची लेक कुंदा काटोलहून आली, दवाखान्यात घेऊन गेली. आधी गोळ्या, मग भरती, मग शॉक. हळूहळू जेवायला लागली, बोलायला लागली. मला वाटलं, सुटली बाई.

त्याच महिन्यात भुलाबाई आल्या. तिच्या घरचा दिवस. दुपारी आम्ही दोघींनी मिळून शंकरपाळे तळले. संध्याकाळी डबा शेवंताबाईच्या हातात, पोरी ओरडून राहिल्या, "लाडू?" "नाही." "शंकरपाळे?" "नाही." "चिवडा?" "नाही." पोरी दमल्या. डबा उघडला तर शंकरपाळेच!

"आजी, तुम्ही चीटिंग केली!"

सगळ्या हसल्या. शेवंताबाई डब्यात बघतच राहिली. मग माझ्या कानाशी आली. "हे कोणी तळले वं?"

दुसऱ्या दिवशी तिनं गोळ्यांचं पाकीट माझ्या ओट्यावर आपटलं. "ह्या माझं डोकं खाऊन राहिल्या. बंदच करते. कुंदाच्या लेकीच्या बारशाच्या फोटोत मी पाळण्याजवळ उभी आहो, अन् मले त्यातलं काहीच आठवत नाही."

"अवं, पण आधी रात्रंदिवस रडत होतीस."

"रडत होती, पण आठवत तं होतं!"

गोळी सोडली तर ती पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊन बसणार, आणि घेतली तर असं. तिला घेऊन डॉक्टरांकडेच गेले. ते म्हणाले, मन उदास असलं, घाबरलेलं असलं की लक्षच लागत नाही. जे आत शिरलंच नाही ते आठवणार कुठून? शॉकच्या आगंमागंचंही काही पुसलं जातं. बरंचसं परत येतं, काही येत नाही. काही गोळ्यांनीही विसरायला होतं, त्या बदलून बघू. पण आपल्या मनानं बंद करू नका.

परतताना ऑटोत शेवंताबाई म्हणाली, "म्हणजे बिमारीनं खाल्लं का गोळीनं?"

"दोघींनी थोडं थोडं, असं म्हणाले ना."

"मंग माह्यासाठी काय ठेवलं?"

ऑटोवाला आरशातून आमच्याकडं बघून राहिला होता. घराशी उतरताना तीच म्हणाली, "पुढच्या भुलाबाईपर्यंत घेते. मंग पाहीन." नंतर कुंदा तिला काटोलला घेऊन गेली. भिंतीपलीकडं आता कुकरची शिट्टीसुद्धा होत नाही.

यंदा ऐन भुलाबाईत फोन आला. उचलला तर बोलणं नाही, नुसती खडखड.

"ओळख वं."

"चकल्या?" "नाही." "अनारसे?" "नाही." "लाडू?" "नाही."

तेच 'नाही', तसंच. शेवटी न राहवून विचारलं, "शेवंते, तुले तरी माहीत आहे का आत काय आहे ते?"

ती हसली. पुष्कळ दिवसांनी ऐकलं ते हसू. "माहीत आहे. सकाळी मीच भरला. तुले सांगत नाही."

"अन् गोळी?"

"घेऊन राहिली. बदलून देल्ली त्यायनं." मग म्हणाली, "बारसं काही आलं नाही वं परत. नात तं आहे समोर, तिलेच घेऊन बसते." आणि फोनजवळ डबा पुन्हा हलवला. "ये काटोलले. आल्याशिवाय उघडत नाही."

तिचं हसू गोळीनं परत दिलं, की दिवसांनी, की नातीनं, मला काही उलगडा होत नाही. उद्या सकाळच्या बसनं निघते आहे. डब्यात काय असेल तेही अजून ओळखता आलेलं नाही.