हळदीचा शॉट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही माझे सिनेमे पाहिले असतील—सहकुटुंब पाहण्याचे, असं पोस्टरवरच लिहिलेलं असतं. त्यातल्या एकातला हळदीचा प्रसंग लोकांना फार आवडतो. विधवा आई सगळ्यांसमोर लेकीला पहिली हळद लावते आणि थिएटरात रुमाल निघतात. हे सुचलं कुठून, असं कुणी विचारलं की मी दर वेळी सांगतो, "आमच्याच घरी घडलेलं."

घडलं होतं का?

मी सुरुवात केली ती डोंबिवलीत, लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगने. बाबा गेल्यावर घर त्यावरच चालायचं. धाकट्या बहिणीचं—वसूचं—लग्न ठरलं तेव्हा कॅमेरा अर्थात माझ्याच हातात. हळद ठाकुर्लीला, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. वसू पाटावर बसली, सुवासिनी जमल्या. आई मागे, जिन्याच्या दाराशी. तेवढ्यात आत्याच म्हणाली, "वहिनी, तिथे काय उभ्या? पोरगी तुमची ना? या, पहिली हळद तुम्हीच लावा." कुणी हरकत घेतली नाही. आई पुढे आली, तिने वाटीत बोटं बुडवली—

आणि मी कॅमेऱ्यामागून म्हणालो, "आई, तू जरा बाजूला हो. सुवासिनींचा शॉट घ्यायचाय."

कॅसेट मुलाकडचे बघतील, नावं ठेवतील—ही भीती. त्यांनी काही म्हटलं होतं? नाही. मीच म्हटलं. आईने बोटं पदराला पुसली आणि परत दाराशी गेली. आत्या म्हणाली, "मोठा आलाय डायरेक्टर!" बायका हसल्या. वसू हसली नाही.

पुढे मालिका मिळाल्या, मग सिनेमे. हळदीच्या प्रसंगाचा तो सिनेमा आला तेव्हा आईला ठाण्याला नेऊन दाखवला. येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "तुझ्या सिनेमातल्या आईला कुणी हटकलं नाही रे."

मी काय म्हणालो? "एसी बाधला का गं तुला?"

आई हल्ली वसूकडे असते, कल्याणला. माझी मुलाखत लागली की दोघी टीव्हीसमोर बसतात. मी सांगत असतो, आमच्याच घरी घडलेलं—आणि त्या ऐकत असतात. अजून एकीनेही मला खोटं पाडलेलं नाही.

'आमच्याच घरी घडलेलं' हे वाक्य मला चारचौघांत मागे घ्यायचं आहे. त्याआधी कल्याणला जाऊन आईला 'मी चुकलो' म्हणायचं आहे. दोन्ही अजून राहिलं आहे.