चिमटीत फुटलेली कुपी

लाखनीला मुलगी पाहायला निघताना मी शेजाऱ्यांच्या खिडकीतलं विषबाधेचं औषध अत्तर समजून हुंगलं.

शेजारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. विषारी वायू छातीत गेलेल्या कामगारासाठी कुपी फोडून हुंगायचा उतारा तयार करत होते. औषध जमलं होतं, त्याची काचेची कुपी जमत नव्हती. "गुदमरल्या माणसाचे हात कापतेत. त्याले फुटली पायजे ना!" म्हणून दूधवाला येवो की पोस्टमन, त्याच्या हातात ते कापडात गुंडाळलेली रिकामी कुपी ठेवत. "डोळे मिटा जी, डाव्या हातानं फोडा." फुटली नाही की त्या दिवशी त्यांचं जेवण राहून जाई.

मला मात्र भरलेली सापडली. भरलेली, म्हणजे अत्तरच, असा मी तर्क केला. तोंड तापलं, डोकं ठणकलं आणि नव्या सफारीसकट मी त्यांच्या ओट्यावर आडवा झालो. त्यांनी माझे पाय पोत्यावर टेकवले, मनगट धरलं. कारखान्याची बस हॉर्न वाजवून निघून गेली, तरी सोडलं नाही. नाडी ताळ्यावर आल्यावर विचारलं, "किती जोर लावला जी?"

"काहीच नाही. चिमटीतच फुटली."

ते आत वळून बायकोला म्हणाले, "अवो, वाढा जेवाले! ह्या येड्याले फोडता आली, म्हंजे आता कोनाले बी येते."