खिडकीतून दिसणारा शेंडा

रुग्णालयाच्या माळ्याला सगळे मोजपट्टी म्हणत. खिशात कायम घडीची पट्टी, आणि दर वर्षाच्या पहिल्या तारखेला बागेतल्या एकूण एक झुडपाची उंची वहीत. "बायकोचीही उंची घेतोस का रे?" असं कुणी डिवचलं तर तो म्हणे, "तिची वाढ माझ्या हाताबाहेरची." बायको जाऊन अकरा वर्षं झाली. तो विनोदही तिच्याबरोबर गेला.

तिच्या हातचं एकच झाड बागेत होतं. महिला वॉर्डाच्या भिंतीलगत दगडांची बाग होती; तिथल्या दोन धोंड्यांच्या बेचक्यात तिनं माहेरून आणलेलं सुयासुयांच्या पानांचं वीतभर रोप लावलं होतं. "बुटकं आहे, गुडघ्याच्या वर जायचं नाही," असं रोपवाल्यानं तिला छातीठोक सांगितलेलं. नावाची चिठ्ठी कधीच पाण्यात विरघळली. आणि आता बावीस वर्षांनी ते बुटकं झाड दोन पुरुष उंच झालं होतं. त्याच्या मुळांनी एक धोंडा पायवाटेवर ढकलला, त्याला अडखळून एक आजी पडल्या, आणि प्रकरण नव्या अधीक्षक बाईंच्या टेबलावर गेलं.

बाई तशा वाईट नव्हत्या. "मामा, मला झाडाचं नाव आणून द्या. बुटक्या जातीचं असेल तर वाढायचं तेवढं वाढलंय, धोंडे सरकवून घेऊ. मोठ्या जातीचं असेल तर भिंतीपासून आठ फुटांवर ठेवता येणार नाही. उद्या इमारतीच्या पायाखाली मुळं शिरली तर लोक मलाच धरतील."

"बुटकंच आहे, बाई."

"मग नाव सांगायला अडतंय कुठं? सोमवारपर्यंत सांगा."

मोजपट्टीनं दोन दिवस पुस्तकं चाळली. चित्रातली सगळी झाडं त्याला एकमेकांची सख्खी भावंडं वाटली. तिसऱ्या दिवशी त्यानं मास्तरांना गाठलं. मास्तर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गुडघ्याच्या व्यायामासाठी रुग्णालयात यायचे आणि जाताना बाकावर बसून त्याची फिरकी घ्यायचे.

"हे बुटकं?" मान वर करून मास्तर म्हणाले. "मग मी पैलवान."

"चेष्टा नको, मास्तर. सोमवारी कापतील."

मास्तर गंभीर झाले. त्यांनी एक सुई तोडून चिमटीत फिरवली. ती गरगरली. "चपटी असती तर फिरली नसती. चौकोनी आहे. म्हणजे स्प्रूस, देवदाराचा भाऊबंद." मग मूठभर सुया चुरडून त्याच्या नाकाशी धरल्या. मांजरानं कोपरा खराब करावा तसा वास आला. "हा पांढरा स्प्रूस. जंगलात साठ-सत्तर फूट सहज जातो."

"पण वही बघा ना." मोजपट्टीनं पान उघडलं. पहिली नऊ वर्षं ओळीनं तेच: दोन बोटं, दोन बोटं, दीड बोट. दहाव्या वर्षी एकदम दीड हात.

मास्तरांनी वहीवरून नजर उचलली आणि दुखरा गुडघा धरून झाडाच्या बुंध्याशी वाकले. खालच्या फांद्या बाजूला सारल्यावर आत काहीतरी दिसलं. नखाएवढ्या सुयांचा, दाट, टोपलीसारखा गोल घेर. सगळा तपकिरी, वाळलेला.

"हे तुझं बुटकं. त्याच्यातूनच मूळ, मोठ्या जातीचा जोमदार फुटवा वर आला आणि सावलीत यालाच मारून बसला. असा फुटवा दिसला की बुडातून छाटायचा असतो. गुलाबाचे रानफुटवे तू आयुष्यभर छाटलेस. हा कसा सुटला तुझ्या हातून?"

सुटला नव्हता. तो दिसला त्याच दिवशी मोजपट्टी कात्री घेऊन आला होता. बायको तेव्हा याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर होती. धोंड्यांमुळे तिला तिचं झाड कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी ती खिडकीतून हाक मारून म्हणाली, "अहो, बघा तरी! माझं झाड टाचा उंचावून मला बघतंय." त्यानं कात्री खिशात घातली. हा आठवडा राहू दे, म्हणाला. मग पुढचा. नंतर ती गेली, आणि तिनं पाहिलेला शेंडा छाटायला हात धजावला नाही. वर्ष-दोन वर्षांत त्यानं स्वतःची समजूत घातली, की झाडच जोमात आलंय.

"खालचं जिवंत असतं," मास्तर हळूच म्हणाले, "तर वरचं कापून हे ठेवता आलं असतं. बाईही हो म्हणाल्या असत्या."

मोजपट्टी पालथा पडून आत शिरला. एकेक काडी नखानं खरवडत गेला. हिरवी साल कुठंतरी निघेल. तपकिरी. तपकिरी. सगळ्या काड्या झाल्या, तरी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

"बुटकं म्हणून लिहून देऊ का? मी सही करतो," मास्तर बाहेरून म्हणाले.

"नको. बुटकं हे आत आहे," तो म्हणाला, "ते मेलं."

सोमवारी सकाळी त्यानं झाड कापायला आलेली माणसं परत पाठवली आणि करवत स्वतः घेतली. दुपारपर्यंत झाड आडवं झालं. सवयीनं त्यानं पट्टी काढली, झाडाच्या अंगावरून शेंड्यापर्यंत धरली, आणि आकडा न वाचताच मिटून टाकली. वाळलेल्या घेरासकट बुंधा उपटताना वॉर्डाची खिडकी उघडली. त्याच खाटेवरची एक बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, कोपरावर टेकून बाहेर बघत होती.

"मामा, इथं एक शेंडा दिसायचा हो. कुठं गेला?"

मोजपट्टीनं करवत पाठीमागे धरली.

"रोज सकाळी आधी तोच बघायचे मी," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट बघत तशीच टेकून राहिली.