न वाजणारं कातडं

पनवेलच्या पोलिसांच्या पिस्तुलांसाठी नागू कातडी म्यानं शिवायचा. कातडं तो कानाने निवडी. कानाशी धरून दुमडलं की कोरडं कातडं बारीक करकरतं, आणि तसलं पुढे शिवणीपाशी तडकतं. न वाजणारं तेवढं तो घ्यायचा. वीस वर्षांत त्याचं एकही म्यान परत आलं नव्हतं.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर तो हसनमियांच्या कातड्याच्या दुकानात गेला. पहिलं कातडं वाजलं नाही. दुसरं, तिसरंही नाही.

"मियां, यंदा सगळाच माल झ्याक हाय!"

हसनमियां हसले. "अरे, हे तिसरं पापडासारखं वाजतंय. बहिरा झालास की काय?"

नागूने ते दुसऱ्या कानाशी नेलं. पुन्हा दुमडलं. हसनमियांचं हसू थांबलं.

"मियां," नागू हळूच म्हणाला, "आज तुमीच ऐका."

हसनमियांनी एकेक कातडं कानाशी धरलं. नागू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्यांनी निवडलेलं कातडं त्याने घरी नेलं आणि म्यान शिवलं.

तेही परत आलं नाही. पुढचं काम मात्र नागूने घेतलं नाही.